खाडीला दटावणारा गुणाजी

कांदळपारच्या खाडीवर पूल नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. आज गावात जे म्हातारे आहेत, त्यांना ती त्यांच्या पणज्यांनी सांगितलेली. खाडी ओलांडायची तर एकच होडी होती, गुणाजी तारीची.

पण गुणाजी जन्माचा तारी नव्हता. तरुणपणी तो दशावतारी नाटकांत बायकांची कामं करायचा. लुगडं नेसून तो उभा राहिला, की बघणाऱ्या बायका आपले पदर सारखे करत. त्याची द्रौपदी रडली, की देवळातल्या समया आपोआप मंद होत, असं म्हणतात.

मग एका जत्रेत द्रौपदी कृष्णाचा धावा करत असताना गुणाजीचा आवाज फाटला, तडा गेलेल्या घंटेसारखा. मागून कुणीतरी ओरडलं, "द्रौपदीक मिशी फुटली रे!" सगळं देऊळ हसलं. गुणाजीने तिथल्या तिथे दागिने उतरवले, लुगड्याची घडी नाटकाच्या मालकाच्या हातात ठेवली आणि तो खाडीकाठी येऊन राहिला. मिशी वाढवली, वल्हं धरलं. पुढे कितीतरी वर्षं तो दोनच शब्द बोलला, "बसा" आणि "उतरा".

त्याच्या होडीतून सगळा गाव जायचा. मासे विकायला निघालेल्या बाया भांडायच्या, बाळंतिणी बाळांना थोपटायच्या, म्हाताऱ्या सुनांची गाऱ्हाणी सांगायच्या. गुणाजी खाली मान घालून वल्हवायचा आणि ऐकायचा.

एकदा शेवंती नावाची नवी नवरी माहेरपण आटोपून सासरी निघाली होती. आई काठावर उभी, लेक होडीत हुंदके देत बसलेली. अर्ध्या खाडीत गुणाजीच्या तोंडून, त्यालाही न कळता, शब्द आले, "डोळे पूस गो बाय. सासू वायट नसता. तिका पेज येळार गावली की झाला."

आवाज थेट शेवंतीच्या आईचा! पोर दचकली, मग ओल्या डोळ्यांनीच हसली. "काकानू, परत बोला!"

गुणाजीचं वल्हं पाण्यातच थांबलं. मालकाने शिकवलेल्या राण्याच त्याने तरुणपणी केल्या होत्या, आणि खऱ्या बाया तर इतकी वर्षं त्याच्यासमोर फळीवर बसत होत्या. त्या दिवसापासून दर खेपेला तो कुणी ना कुणी होऊ लागला. लोक काम नसताना पलीकडे जाऊन येऊ लागले. मासेसुद्धा होडीमागून ऐकत यायचे, असं म्हणतात.

पुढे एका बाजाराच्या दिवशी होडी माणसांनी गच्च भरली होती. मध्यावर आली आणि अचानक वारा उठला. लाटा आत येऊ लागल्या. घाबरून सगळे उभे राहिले, एकाच बाजूला लोटले, होडी कलंडायला आली. गुणाजीने "बसा, बसा" म्हणून पाहिलं. कोण ऐकतो?

तेव्हा त्याने खांद्यावरचा पंचा पदरासारखा डोक्यावरून घेतला, कमरेवर हात ठेवला आणि त्याच फाटक्या आवाजात खाडीवर कडाडला, "गो खाडये! बाजारातसून दमान इली हत ही माणसां. घराक पोरां वाट बघतत. तुका नाचूचा आसात तर उद्या नाच!" मग वळला माणसांकडे. "आणि तुमी रे? बसा मुकाट्यान!"

प्रत्येकाला आपापली आई ऐकू आली. एवढे बाप्ये, पण धपाधप खाली बसले. होडी सरळ झाली. आणि त्यांच्यासोबत खाडीही बसली, असं म्हणतात.

ही बातमी ऐकून नाटकाचा मालक जुनं लुगडं घेऊन आला. गुणाजी म्हणाला, "खाडी सोडून येवचंय नाय. पण जत्रेक येयन." त्या वर्षी पिकल्या मिशीसकट द्रौपदी उभी राहिली. कुणी हसलं नाही. भरतीचं पाणी देवळाच्या पायरीपर्यंत आलं आणि नाटक संपेपर्यंत मागे गेलं नाही.

आता पूल आहे. तरी जत्रेला येणारी नाटकमंडळी पुलाअलीकडे गाडी थांबवतात. बाईचं काम करणारा नट रंग लावूनच पाण्यापाशी उतरतो आणि गेल्या जत्रेत गावातल्या एखाद्या बाईच्या तोंडून ऐकलेलं एक वाक्य, तिच्याच आवाजात, खाडीला ऐकवतो. काठावर बायकांची तोबा गर्दी जमलेली असते. जिचं वाक्य निघतं, ती लाजते, त्याला शिव्या घालते, आणि त्या रात्री सगळ्यात पुढे बसते.