हाकेला ओ

फार पूर्वी काशीच्या गादीवर एक सदाचारी राजा राज्य करीत असताना, त्या राज्याच्या पार कडेला, रानालगतच्या एका गावात बोधिसत्त्व दोरखंड वळणाऱ्याच्या घरी जन्माला आले होते. गावाचा मुख्य होता गोदत्त.

गावाबाहेर झाडीत एक बिनकठड्याची कोरडी विहीर होती. तिच्यात भूत राहतं, ते ओळखीच्या माणसाचा आवाज काढून हाक मारतं आणि ओ देणाऱ्याला आत ओढतं, असं सगळे सांगत. म्हणून रीतच पडली होती. हाक आली की ओ द्यायची नाही. घरटी एक दगड न्यायचा, आत टाकायचा आणि मागे न बघता परतायचं. थोड्या वेळानं हाक थांबे. थांबणारच की! लोक म्हणत, भूत निजलं.

एकदा भर दुपारी हाक आली. "कुणी आहे का?" साऱ्या गावानं ती ऐकली. प्रत्येकानं शेजाऱ्याकडे पाहिलं. शेजारी गप्प, म्हणून तोही गप्प. मग नाव घेऊन हाक आली. "खेमा! अगं, मी बलक!"

बलक हा खेमाचा नवरा. मध काढायला दोन दिवसांपूर्वी रानात गेला होता. खेमा धावत सुटली. विहिरीजवळ बायांनी तिला मिठीच मारली. "अगं वेडे, तो नव्हे तो! तुला नाही आम्ही मरू द्यायच्या," म्हणत त्या रडल्याही. माया खरी होती हो. आणि घरून आणलेले दगड त्यांच्याच पायाशी पडले होते.

"टाका, लवकर टाका!" गोदत्त ओरडला. तीन वर्षांपूर्वी त्याची मुलगी सामा हरवली. वाघानं नेली, असं सगळे म्हणाले. तिसऱ्या दिवशी विहिरीतून "बाबा" अशी हाक आली होती, आणि पहिला दगड त्यानंच टाकला होता. आज आत माणूस असेल, तर त्या दिवशी कोण होतं? हे मनात आलं की तो आणखी मोठ्यानं ओरडे. आत भूतच असायला हवं होतं.

तेवढ्यात बोधिसत्त्व खांद्यावर दोरखंड घेऊन काठाशी आले, खाली वाकले आणि म्हणाले, "ओ!"

बाया किंचाळल्या. आता काय होतं, म्हणून सगळे श्वास रोखून उभे राहिले. काहीच झालं नाही. आतून क्षीण आवाज आला, "पाणी."

"भूत आहे ते!" गोदत्त म्हणाला.

"असेलही," बोधिसत्त्व म्हणाले. "पण तहानलेलं आहे. चुंदा, हा दोर धर. तिंदुका, तू त्याच्या मागे. गोदत्तदादा, तुम्ही सगळ्यांत पुढे."

नाव घेतल्यावर कुणाला मागे सरता येईना. दोर धरायला दोन्ही हात लागतात. हातांतले दगड तिथंच टाकावे लागले. बोधिसत्त्व कमरेला पाण्याचा भोपळा बांधून आत उतरले.

आधी बलक वर आला. पाय मोडलेला, ओठ फाटलेले. खेमानं त्याचं डोकं छातीशी धरलं. मग बोधिसत्त्व वर आले. त्यांच्या मुठीत लहानसं चांदीचं वाळं होतं, तांब्याच्या तारेनं सांधलेलं. ती तार गोदत्तानंच वळली होती.

वाळं हातात घेऊन त्यानं विचारलं, "किती दगड होते रे तिच्या अंगावर?"

"मी मोजले नाहीत, दादा," बोधिसत्त्व म्हणाले आणि त्याच्याजवळ बसून राहिले.

गोदत्त पुन्हा घरी गेलाच नाही. त्यानं विहिरीला कठडा बांधला आणि तिथंच झोपडी घातली. रानात कुणीही हाक मारो, तो "ओ" देत धावे. कधी कधी कुणी हाक मारलेली नसतानाही म्हणे, "ओ, आलो गं बाळ."

एवढं सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तो दोरखंड वळणारा मीच होतो. ते गाव म्हणजे तुम्ही सारे. आणि गोदत्त म्हणजे तुमच्यातलाच हा म्हातारा भिक्षू वज्जिक. विहारातल्या आजाऱ्यानं नुसती कूस बदलली तरी हा 'ओ' म्हणत उठतो, आणि तुम्ही त्याला हसता. हाक कुणाची हे न विचारता ओ देणं, तीच करुणा."

त्या दिवशी कुणी हसलं नाही.