अण्णा बसमध्ये का चढले

“किती लोकांनी वाचलं म्हणालीस?” मुनीरचाचांनी पुन्हा विचारलं.

“बेचाळीस हजार,” शाल्मली म्हणाली. “हा माफीचा लेख. आधीचा तर त्याहून जास्त लोकांनी वाचलाय.”

“आणि ज्याची माफी मागितलीस, त्यानं?”

“वाचलाच असणार. अण्णा माझं सगळं वाचतात.”

“मग?”

“काहीच बोलले नाहीत...”

चाचांनी मान हलवली.

मुनीरचाचा अडतीस वर्षं तालुक्याच्या पोस्टाबाहेर बसून लोकांची पत्रं लिहून देत होते. ज्यांना लिहिता येत नसे ते सांगत, चाचा लिहीत. मग घरोघर फोन आले आणि पत्रं थांबली. चाचा कृष्णेकाठी, गावाबाहेरच्या छोट्या दर्ग्याच्या ओसरीत राहायला आले. लोक तरीही येत राहिले. पत्र कोणालाच नको असे. घशात अडकलेलं काहीतरी घेऊन येत आणि मोकळे होऊन जात.

शाल्मलीला तिच्या आत्यानं पाठवलं होतं. ती आली, पण खरं तर मोकळं व्हायला आली नव्हती. आपल्या लेखात चूक नाही, एवढंच तिला कोणाकडून तरी ऐकायचं होतं.

ती पुण्यात वेबसाइट बनवण्याचं काम करायची. स्वतःची साइट तिनं एकटीनं उभी केली होती, पहिल्या ओळीपासून. नाव ‘चौघे निघाले’. ती, तिचा नवरा केदार, आठ वर्षांची इरा आणि सांगलीचे अण्णा, म्हणजे शाल्मलीचे वडील. वीज मंडळातून निवृत्त झालेले, बोलायला कमी, चालायला पुढे. सात वर्षं चौघं फिरत होते आणि शाल्मली लिहीत होती. लिहायची छान. लोक तिचे लेख वाचून सुट्ट्या ठरवायचे.

लेख कुठून कोण वाचतं, किती वेळ वाचतं, हे सगळं तिला पडद्यावर दिसायचं. चाचांना तिनं तेही समजावून सांगितलं. माणूस वाचता वाचता कोणत्या ओळीवर थांबला, तेसुद्धा कळतं म्हणाली.

“अण्णा कोणत्या ओळीवर थांबले?”

ते शाल्मलीला माहीत नव्हतं.

झालं होतं असं. चार महिन्यांपूर्वी चौघं बदामीला गेले होते. सकाळी बसनं पट्टदकल पाहून आले, जेवले, लॉजवर जरा आडवे झाले. शाल्मली लॅपटॉप उघडून फोटो निवडत बसली. चारच्या सुमारास लक्षात आलं, की अण्णा खोलीत नाहीत. त्यांचा फोन टेबलावर चार्जिंगला लावलेला. दोन तास तिनं आणि केदारनं गल्ली न् गल्ली पालथी घातली. शेवटी बागलकोटच्या बसस्टँडवरून फोन आला. अण्णा तिथं कंट्रोलरच्या खोलीत बसले होते. लॉजचं नाव त्यांना आठवत नव्हतं, मुलीचा नंबर पाठ नव्हता. साइटचं नाव मात्र तोंडपाठ होतं. कंट्रोलरनं ते मोबाइलवर शोधलं, तिथं तिचा नंबर मिळाला.

शाल्मलीनं त्यावर लेख लिहिला. गमतीदार लिहिला. हरवलेले अण्णा, चुकीची बस, बाकावर हाताची घडी घालून बसलेल्या अण्णांचा फोटो. लोकांना फार आवडला. कोणीतरी खाली लिहिलं, आजोबांच्या गळ्यात पट्टा बांधा. त्यावर शेकडो हसरे चेहरे पडले. शाल्मलीनंही एक टाकला.

अण्णा त्यानंतर त्यांच्याबरोबर कुठंही गेले नाहीत. पहिल्यांदा म्हणाले, गुडघे दुखतात. दुसऱ्यांदा म्हणाले, घरी रंगाचं काम काढलंय. तिसऱ्यांदा कारणच दिलं नाही. फोनवर इराशी बोलत, मग ‘बरं, ठेवतो’ म्हणत.

साइटचं नाव ‘चौघे निघाले’ तसंच राहिलं. निघायचे तिघं.

शेवटी शाल्मलीनं माफीचा लेख लिहिला. शेकडो जणांनी लिहिलं, वाचताना डोळ्यांत पाणी आलं. काहींनी आपापल्या वडिलांना पाठवला. अण्णांकडून मात्र काही नाही.

“यात काय कमी आहे, तेवढं सांगा,” ती म्हणाली आणि तिनं फोन पुढे केला.

चाचांनी फोन घेतला नाही. एवढी बारीक अक्षरं आता दिसत नाहीत म्हणाले. त्यांनी उशीखालून कागद काढला, पेनचं टोपण उघडलं आणि गुडघ्यावर फळी घेतली.

“तू सांग. मी लिहितो. अण्णांना पत्र.”

शाल्मलीनं लेख वाचायला सुरुवात केली. “माझे वडील एकाहत्तर वर्षांचे आहेत.”

चाचांनी लिहिलं. मग विचारलं, “हे त्यांना माहीत नाही?”

“आहे की.”

चाचांनी ओळ खोडली.

“त्यांनी मला सायकल शिकवली. मी पडले तेव्हा गुडघ्याला हळद लावली.”

“हे?”

“... माहीत आहे.”

ओळ खोडली.

असं बराच वेळ चाललं. ती सांगे, चाचा सुबक अक्षरात लिहीत, तिच्याकडे बघत आणि खोडत. मुलगी म्हणून मी कमी पडले, या वाक्याशी आल्यावर चाचांनी पेन थांबवलं.

“हे कोणी ऐकावं म्हणून लिहिलंस?”

शाल्मलीचा चेहरा लाल झाला. हे वाक्य लोकांना सगळ्यांत जास्त आवडलं होतं. चाचांनी तेही खोडलं. कागद पाठपोट भरला आणि त्यावर न खोडलेला एकही शब्द उरला नाही.

तिला राग आला. ती म्हणाली, की मी सात वर्षं लिहितेय, हजारो माणसं माझी वाट बघतात. तुम्ही तर माझ्या लेखात काही ठेवलंच नाहीत. चाचांनी ऐकून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हसूही नव्हतं. त्यांनी दुसरा कागद घेतला.

“आता उलटं कर,” ते म्हणाले. “त्यांना माहीत आहे आणि तुला नाही, असं काही सांग.”

शाल्मली नदीकडे बघत राहिली. पलीकडच्या तीरावर कोणीतरी म्हशी धूत होतं. तिनं तो बदामीचा दिवस मनात पहिल्यापासून पाहिला. लॉज, लॅपटॉप, टेबलावरचा फोन...

“ते त्या बसमध्ये का चढले,” ती हळूच म्हणाली. “ते मला माहीत नाही.”

“बेचाळीस हजारांत कोणी विचारलं नाही?”

“नाही.”

“तू?”

तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिनं पुसलं नाही.

चाचांनी कागदावर एवढंच लिहिलं, ‘अण्णा, त्या दिवशी तुम्ही बसमध्ये का चढलात?’ खाली तिची सही घेतली, पाकीट दिलं आणि पत्ता तिच्याकडून लिहून घेतला. उरलेला कागद कोराच होता. शाल्मलीला वाटलं, निदान ‘तुमची’ तरी लिहावं. चाचा म्हणाले, सहीत ते आलंच.

आठव्या दिवशी पुण्याला उत्तर आलं. अण्णांचं अक्षर, निळी शाई.

‘चि. शाल्मली, अनेक आशीर्वाद. प्रश्न पोचला. उत्तर आहे, पण ते माझ्या एकट्याचं नाही. इराला विचार. तिची हरकत नसेल तर तीच सांगेल. अण्णा.’

शाल्मलीनं पत्र इराच्या हातात दिलं. इरानं ते दोनदा वाचलं आणि ती पलंगाच्या कडेला बसली. मग तिनं सांगितलं.

त्या सकाळी पट्टदकलहून येताना तिचा चष्मा बसमध्ये राहिला होता. वर्षातला दुसरा. पहिला हरवला तेव्हा आई रागावून म्हणाली होती, पुन्हा हरवलास तर सहलीला नेणार नाही. इरानं फक्त आजोबांना सांगितलं. आजोबा म्हणाले, आईला सांगू नकोस, मी आणतो. स्टँडवर त्यांनी चौकशी केली. ती गाडी बागलकोटला गेली होती. ते तिच्या मागून सुटणाऱ्या गाडीत चढले. परत आले तेव्हा चष्मा त्यांच्या खिशात होता. कोणाला सांगायचं नाही असं इरानं शपथ घालून मागितलं, आणि त्यांनी कबूल केलं.

“मी त्यांना म्हटलं होतं, लोक हसतायत, आता सांगून टाका,” इरा म्हणाली. “ते म्हणाले, तुला शब्द दिलाय.”

शाल्मली ऐकत होती. चष्मा नसलेली इरा चार तास तिच्यासमोर, त्याच खोलीत बसली होती. आणि शाल्मली लॅपटॉपवर फोटोंमधली इरा बघत होती.

शनिवारी सकाळी ते तिघं सांगलीला गेले. वाटेत शाल्मलीनं काय बोलायचं याची जुळवाजुळव केली होती. दारात अण्णा उभे होते. इरा पळत पुढे गेली.

“आजोबा, मी सांगितलं.”

“शाब्बास,” अण्णा म्हणाले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

शाल्मली वाकली आणि तिनं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. जुळवलेलं एकही वाक्य आलं नाही. अण्णांनी तिला उठवलं, क्षणभर तिचे दोन्ही खांदे धरून ठेवले आणि विचारलं, न्याहारी करून निघालात की तसेच?

दिवाळीच्या सुट्टीत कुठं जायचं, ते या वेळी अण्णांनी ठरवलं. बागलकोट. तिथं बघायला काय आहे, असं केदारनं विचारलं तर म्हणाले, एका माणसाचे आभार राहिलेत.

स्टँडवर उतरल्यावर अण्णा सगळ्यांच्या पुढे चालत होते. कंट्रोलर शिवप्पा अंगडी यांनी त्यांना खिडकीतूनच ओळखलं. बाहेर आले, हात धरून आत नेलं आणि आपल्या खुर्चीवर बसवलं. मग त्यांनी चहाला आलेल्या ड्रायव्हर-कंडक्टरांना हाका मारून गोळा केलं आणि आपल्या कानडी-मराठीत सांगितलं, की हाच तो माणूस. मे महिन्याच्या उन्हात यानं डेपोतल्या अकरा गाड्या तपासल्या. एकेक सीट, खाली वाकून. मी म्हटलं, आजोबा, जाऊ दे, नवीन घ्या. हा म्हणाला, नवीन घेता येईल, पण नात आज संध्याकाळी आईपुढे आनंदात बसली पाहिजे. अकराव्या गाडीत सापडला. तेव्हा कुठं याला आठवलं, की आपण कुठं उतरलोय तेच माहीत नाही.

सगळे हसले. अण्णाही हसले, मोकळे, आणि त्या हसण्यात शाल्मलीनं त्यांना कित्येक महिन्यांनी पाहिलं. एका जाडजूड ड्रायव्हरनं पुढं येऊन अण्णांना नमस्कार केला. शाल्मलीच्या पिशवीत कॅमेरा होता. तो काढायचं तिच्या ध्यानातच आलं नाही.

परतल्यावर अण्णांनी स्वतः लेख लिहिला. एका बोटानं टाइप करत त्यांना बारा दिवस लागले. शाल्मलीनं एक शब्द बदलला नाही, वर त्यांचं नाव तेवढं मोठ्या अक्षरात घातलं. जुना लेख ती काढून टाकणार होती. अण्णांनी काढू दिला नाही. राहू दे म्हणाले, त्याच्याच खाली माझा जोड.

पट्टा बांधा असं लिहिणाऱ्या माणसानं स्वतःच्या नावानिशी चार ओळींची क्षमा मागितली. अण्णांनी त्याला उत्तर दिलं, की मनावर घेऊ नका. कधी बागलकोटला गेलात तर अंगडींना माझा नमस्कार सांगा. दोन महिन्यांत सतरा अनोळखी माणसं तो नमस्कार पोचवून आली. अंगडींनी फोन करून सांगितलं, सारखं कोणी ना कोणी येतंय, चहा कमी पडतोय. अण्णा ते ज्याला त्याला सांगत सुटले. पुढच्या चार सहली त्यांनी एका वहीत आखून ठेवल्या.

माघात चौघं मुनीरचाचांना भेटायला गेले. अण्णा आणि इरा पाण्याकडे उतरले, केदार त्यांच्या मागून गेला. शाल्मली ओसरीत बसली आणि तिनं घडलेलं सगळं सांगितलं. चाचा डोळे मिटून ऐकत होते, मधूनच मान डोलवत होते. अंगडींच्या चहाशी आल्यावर ते खळखळून हसले.

नदीवरून इराचा आवाज येत होता.

“चाचा, एक विचारू?” ती म्हणाली. “अडतीस वर्षांत एवढी पत्रं लिहिलीत. त्यातलं सगळ्यांत चांगलं कोणतं?”

चाचांना आठवावं लागलं नाही.

“एक अर्धवट राहिलं,” ते म्हणाले. “सांगणारा मधेच उठला, समोर जाऊनच बोलतो म्हणाला आणि गावची गाडी पकडायला पळाला...”