चार अळ्यांची चिठ्ठी

फार जुनी गोष्ट. तेव्हा रानालाही पंचायत होती, आणि बिया साठवायच्या परड्या ती दरवर्षी सुगरणीकडूनच विणून घ्यायची. त्या वर्षी मात्र सरपंच घुबडानं नियम काढला. ज्याला काम हवं त्यानं आपला दर पानावर लिहून, पान डिंकानं चिकटवून वडाच्या ढोलीत टाकायचं. टाकलेली चिठ्ठी परत मिळणार नाही. ज्याचा दर कमी, त्याला काम.

शिंपीण पक्षीण चिठ्ठी टाकून गेली आणि सुगरणीच्या पोटात दुखायला लागलं. कालची आलेली ही, पानं शिवणारी, माझ्या परड्यांवर डोळा ठेवते? दुपारी घुबड पेंगताच तिनं ढोलीत चोच घालून शिंपिणीचं पान हळूच उकललं. आत लिहिलं होतं, ‘एका परडीला पाच अळ्या.’

“फुकटात राबून नाव कमावायचंय होय!” सुगरण फणफणली. शिंपिणीचं पान तिनं पुन्हा चिकटवून ठेवलं, आणि मनातला चाळीस अळ्यांचा दर विसरून आपल्या पानावर चार लिहून ते ढोलीत टाकलं.

सगळ्यांसमोर चिठ्ठ्या फोडल्या. काम सुगरणीला मिळालं. तशी शिंपीण धावतच आली.

“आक्का, वाचवलंस गं! पन्नास लिहायच्या तिथं मी पाच लिहून बसले होते. माझी पिलं उपाशी मेली असती.”

सुगरण शंभर परड्या विणत राहिली. तिची पिलं चोची वासून ओरडत होती. पण तिची नजर समोरच्या पानाआड होती. तिथं शिंपिणीची पिलं पोटभर खाऊन झोपली होती, आणि तेच तिला बघवत नव्हतं.