खासदार म्हादबा आणि ओढ्यावरचा पूल

एका गावात एक भोळा म्हादबा होता. निवडणुकीत सगळे पुढारी एकमेकांची उणीदुणी काढत बसले. लोक वैतागले आणि ज्याचं कुणाशीच भांडण नव्हतं, त्या म्हादबाला त्यांनी खासदार करून टाकलं.

निघताना बायको चंद्राक्का म्हणाली, "बाकी काही आणलं नाहीत तरी चालेल. ओढ्यावर पूल तेवढा आणा. पोरं छातीभर पाण्यातून शाळेत जातात हो."

"बरं," म्हादबा म्हणाला.

संसदेत पहिल्याच दिवशी त्याने मंत्र्यांना हाक मारली, "ओ दाजी, आमच्या पुलाचं काय?"

शेजारच्या म्हाताऱ्या खासदारांनी, तात्या नाईकनवऱ्यांनी, त्याला सदरा धरून खाली बसवलं. "अहो, इथं थेट कुणाशी बोलायचं नाही. जे सांगायचं ते अध्यक्षांना सांगायचं."

"बरं."

सुट्टीत तो गावी आला. चंद्राक्का अंगणात शेण भरत होती आणि मागून मारका रेडा येत होता. म्हादबा जिवाच्या आकांताने धावला, तो थेट दूध सोसायटीच्या अध्यक्षांकडे. गावात अध्यक्ष तेवढे एकच. "अध्यक्ष महोदय, आपल्यामार्फत मी माझ्या बायकोला सांगू इच्छितो, की मागे रेडा आहे."

तोवर चंद्राक्का उकिरड्यात पोचली होती. "अहो, संकट दिसलं की तिथल्या तिथं बोंब मारावी!"

"बरं."

दिल्लीत जाऊन त्याने तिथल्या तिथं बोंब मारली. "पूल! पूल!"

तात्यांनी पुन्हा सदरा धरला. "इथं काही विचारायचं तर पंधरा दिवस आधी लेखी सूचना लागते."

"बरं."

गावी आला, तर कडब्याची गंजी पेटलेली. शेजारी बादल्या घेऊन धावले. म्हादबाने त्यांना अडवलं, वही काढली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'पंधरा दिवसांनी गंजीवर पाणी ओतण्यात येईल.' सही केली. तारीख घातली. मान वर केली, तर गंजी नव्हती.

चंद्राक्काने कपाळावर हात मारला. "निदान पुलाची तरी सूचना द्या!"

ती त्याने दिली. ठराव तात्यांनी लिहून दिला, म्हादबाने अध्यक्षांकडे बघून वाचला. मंत्री उठले. "मागणी रास्त आहे. पूल देऊ."

तात्या कुजबुजले, "समाधान झालं की ठराव मागे घ्यायचा, अशी इथली रीत."

"समाधान झालं. मागे घेतो," म्हादबा म्हणाला. सगळ्यांनी बाकं वाजवली. जन्मात पहिल्यांदा काहीतरी बरोबर जमलं, म्हणून बिचारा आनंदाने रडला.

वर्षभराने लोखंडी पूल ट्रकवरून आला. क्रेनने तो उचलून ओढ्यावर ठेवला. ढोल वाजले. आरतीचं ताट घेऊन चंद्राक्का पहिली पलीकडे गेली, तिच्यामागे सोसायटीचे अध्यक्ष. इंजिनियर हात जोडून म्हणाला, "खासदारसाहेब, झालं समाधान?"

"झालं! पुरेपूर झालं!" म्हादबाने वही काढली. "आता मागे घ्या."

"काय?"

"पूल. लेखी देतो."

खासदाराचं लेखी म्हटल्यावर इंजिनियर काय करणार? क्रेन उभीच होती. पूल उचलला, ट्रकवर चढला आणि धूळ उडवत निघून गेला.

"अहो, थांबवा त्यांना!" पलीकडून चंद्राक्का ओरडली. "मी घरी कशी येऊ?"

म्हादबाने ओठांवर बोट ठेवलं. "थेट बोलू नकोस! अध्यक्षांमार्फत बोल!"

अध्यक्ष तिच्या शेजारीच उभे होते. त्यांनी खाली वाकून एक चांगलासा धोंडा निवडला.