डाख भरलेला चाकू

खाडीच्या तोंडाशी वसलेल्या एका गावात दस्तगीर नावाचा म्हातारा शिकलगार राहत असे. जुने, गंजलेले, मोडके घडीचे चाकू दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. चाकू दोनदा उघडून-मिटून तो सांगे, "हा अजून वीस वर्षं जाईल," किंवा "हा आता पेटीत ठेवा." त्याचा शब्द गावात शेवटचा असे.

एकदा पोशा कोळी आपल्या आजोबांचा चाकू घेऊन आला. शिंगाची मूठ तडकलेली, पातं गंजून काळं पडलेलं. "चाचा, दर्यावर न्यायजोगा होईल का?"

"बघतो," दस्तगीर म्हणाला.

आठ दिवस खपून त्याने गंज उतरवला. तेव्हा पात्याच्या मुळाशी, पातं मुठीला जोडणाऱ्या खिळीजवळ, केसाएवढी चीर दिसली. तिथे चीर गेली की पातं कामाचं राहत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. चाकू निदान दिसायला बरा दिसावा म्हणून त्याने ती डाख, म्हणजे वितळलेलं कथील, भरून बुजवली आणि वरून झिलई दिली. पोशाला सांगायचं, नुसता आठवण म्हणून जपून ठेव, असं त्याने ठरवलं.

पोशा आला तेव्हा दुकानात चार माणसं बसली होती. चकाकता चाकू हातोहात फिरला. "दस्तगीरनं केलेलं काम! हे पातं कसलं मोडतंय!"

"मग नेऊ ना, चाचा?" पोशाने विचारलं.

दस्तगीरने माणसांकडे पाहिलं. "ने," तो म्हणाला.

महिन्याभराने पोशाचा धाकटा भाऊ चांगा दुकानात आला. त्याने समोर मोडका चाकू ठेवला. जाळ्याच्या दोरीत पाय अडकून पोशा पाण्यात ओढला गेला होता. दोरी कापताना पातं मुळातून तुटलं. चांगाने त्याला वर ओढलं, पण तोवर सगळं संपलं होतं.

"निघताना मी माझा चाकू देत होतो त्याला," चांगा म्हणाला. "नको म्हणाला. चाचांनी खात्री दिलीय म्हणाला." मग त्याने विचारलं, "खाऱ्या पाण्यानं मोडला असेल ना?"

नुसती मान हलवली असती तरी चांगा विश्वास ठेवून निघून गेला असता. दस्तगीरने पात्याचा तुकडा उचलला.

"नाही. चीर आधीपासून होती. मला दिसली होती."

चांगाने तो तुकडा त्याच्या हातातून घेतला. "मग बोलला का नाहीत?"

"चार माणसं बसली होती," दस्तगीर म्हणाला.

चांगा उठून गेला. त्यानंतर त्या दुकानात कोणी चाकू आणला नाही, आणि दस्तगीरनेही कोणाला बोलावलं नाही.

तात्पर्य इतकंच, की ज्याच्या शब्दावर दुसऱ्याचा जीव विसंबून असतो, त्याने 'हे माझ्याने सुधारणार नाही' असं म्हणायला कधी लाजू नये. उशिरा सांगितलेल्या खऱ्याने गेलेला माणूस परत येत नाही.