उताराची खोड

घाटमाथ्यावरच्या एका गावात हैबती नावाचा मेस्त्री राहत असे. ट्रॅक्टर असो की पाण्याचा पंप, त्याचा हात लागला की सुरू होई. एवढ्यावर तो सुखी राहिला असता. पण एकदा भंगारवाल्याकडे त्याने लांब नाकाची एक जुनी मोटार पाहिली आणि तिच्यापायी तो वेडा झाला.

मोटार घरी आली. तिचं मूळचं इंजिन हैबतीला पुचाट वाटलं, म्हणून त्याने ते काढून ट्रकचं बसवलं. ते सुरू झालं की आळीतली कौलं थरथरत. मग रुंद चाकं आली, मऊ गाद्या आल्या, लालभडक रंग आला. हौसेला मोल नसतं म्हणतात. हैबतीच्या हौसेला होतं, आणि ते त्याच्या बायकोच्या, गोदाक्काच्या, दोन दुभत्या म्हशी विकून चुकतं झालं. ब्रेक तेवढे जुनेच राहिले. त्यांचे पैसे रंगात गेले होते.

एकदा घाट उतरताना हैबतीने ब्रेक दाबला आणि पाय थेट तळाला गेला. गाडी दरडीला घासून कशीबशी थांबली. त्याने ओरखड्यावर रंग मारला आणि कुणाला काही सांगितलं नाही. मात्र त्या दिवसापासून ती त्याला नकोशी झाली. त्याने गाडी विकायला काढली.

घाटाखालच्या शहरातले नेमिनाथ शेठ आपल्या लहान नातीला घेऊन गाडी बघायला आले. रंग पाहूनच ते खूश झाले.

"मेस्त्री, गाडीत काही खोट?"

"रंग बघा की शेठ, आरशागत हाय."

पैसे हाती आले, किल्ली गेली, घोडं एकदाचं गंगेत न्हालं. गाडी गर्जत निघाली. मागच्या काचेतून नात हात हलवत होती.

ओसरीवर हैबतीचा म्हातारा बाप बसला होता. त्याने उभा जन्म बैलांचा व्यापार केला होता. त्या व्यापारातली त्याची रीत अशी, की दावं दुसऱ्याच्या हाती देण्याआधी जनावराची खोड सांगायची. मारकं असेल तर मारकं म्हणायचं.

"खोड सांगितलीस का रं?" त्याने विचारलं.

"आबा, मोटार हाय ती. बैल न्हाई."

"मग तर आधी सांगायची. बैल कडा दिसला की पाय रोवतो. ही रोवंल का?"

हैबतीच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने पैशांचं पुडकं सदऱ्यात कोंबलं आणि सायकलवर टांग टाकली. त्या काचेतला हात त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. घाट उतरण्याआधी पहिल्या वळणावरच्या देवीला नारळ फोडायचा, ही तिथली जुनी चाल. तेवढाच काय तो अवधी होता. हैबती पोचला तेव्हा शेठ नारळ फोडून गाडीत बसत होते.

"शेठ, खाली नेऊ नका," तो धापा टाकत म्हणाला. "ब्रेक धरत न्हाईत. मला ठावं होतं."

शेठ तसेच खाली उतरले. मग त्यांनी नातीला उचलून कडेवर घेतलं.

"मघाशी विचारलं होतं मी, मेस्त्री."

हैबतीने सदऱ्यातलं पुडकं काढून त्यांच्यापुढे धरलं. शेठनी पैसे परत घेतले आणि नारळाचं एक भकल त्याच्या हातावर ठेवलं. "आम्ही एस.टी.नं जाऊ. उशीर होईल, पण घरी पोचू."

पुढे हैबतीने ट्रकचं इंजिन विकून नवे ब्रेक घातले आणि मूळचं इंजिन परत बसवलं. दोन म्हशींची गाडी शेवटी एका म्हशीच्या मोलाला गेली, आणि तेवढी एकच म्हैस परत आली. गोदाक्काच्या गोठ्यातला दुसरा खुंटा रिकामाच राहिला, आणि तो दिसला की हैबतीला दरवेळी वाईट वाटे. पण नव्या गिऱ्हाइकाच्या हाती किल्ली देण्याआधी तो म्हणाला, "आधी खोड ऐका. चढाला रडती. उताराला मातुर थांबती."

तात्पर्य: आपल्या हौसेची किंमत आपणच सोसावी; खोड लपवून ती दुसऱ्याच्या जिवावर लादू नये.