धुरांड्याचा सत्कार

जहाजं एकमेकांशीच नव्हे, स्वतःशीही भांडायची, त्या काळातली गोष्ट. खाडीकाठच्या कारखान्यात मयूरी नावाचं सहलीचं अकरा मजली जहाज बांधलं गेलं. आराखडा काढणाऱ्या शहाण्यांनी त्यात पोहायचा तलाव घातला, नाटकगृह घातलं, पण समुद्राच्या वाटेवर पूल आहे हेच त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. मग घाईघाईने धुरांड्याला बिजागरी बसवून ते मोकळे झाले.

पहिल्याच सफरीला पूल समोर आला. भरती चढत होती. धुरांडं तर आत्ताच पुलाला अडत होतं; पाणी आणखी वर आलं की मयूरीचं कपाळही पुलावर आपटणार होतं. ती काकुळतीने म्हणाली, "धुरांडेराव, जरा वाका."

"मी सगळ्यांत उंच. वाकायचं तर पुलाने वाकावं," धुरांडं म्हणालं.

तेवढ्यात मयूरीच्या नाकाशी लटकलेला म्हातारा नांगर खाकरला. "अहो धुरांडेराव, पुलावर माणसं जमलीत ती तुमच्या सत्काराला. पण एवढ्या उंच गळ्यात हार घालायचा कसा, म्हणून खोळंबलीत बिचारी."

"मग आधी नाही का सांगायचं?" म्हणत धुरांड्याने मान थेट गच्चीला टेकवली. मयूरी अलगद पुलाखालून निसटली.

"हार कुठाय?" पलीकडे गेल्यावर धुरांड्याने विचारलं.

"फुलं शिळी होती, मीच परत पाठवली," नांगर म्हणाला. "येताना बघू."

त्यानंतर मयूरीने तीस वर्षं सफरी केल्या. पूल दिसला की कुणाला काही सांगावं लागत नसे. धुरांडं आपणहून धूर आवरायचं, घसा साफ करायचं आणि मान खाली घालायचं.